हानाची आई आणि आमच्या सासूबाई

आधीच सांगते, माझा असल्या गूढ गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. इथले अनुभव मी जेवणानंतर वाचायला घेते आणि निम्म्यातच मला डुलकी लागते. आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर आमचे हे चष्म्यावरून बघतायत... बघू देत.

गोष्ट २००५-०६ ची. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही चेन्नईत, अंबत्तूरला राहायचो. दुमजली घर, खाली आम्ही भाडेकरू. वर एक कोरियन मिशनरी कुटुंब — पास्टर, त्यांची बायको आणि अकरा वर्षांची मुलगी हाना. त्यांच्याकडेही बाईला लेकराच्या नावाने ओळखतात, आपल्यासारखंच. म्हणून ती आमचीही ‘हानाची आई’.

पहाटे पाचला त्यांची प्रार्थना. तिघंही मोकळ्या गळ्याने गाणार, एक दिवस खाडा नाही. पहिला महिना मी कानावर उशी दाबून काढला. सासूबाई मात्र खूश. “बघ, एवढ्या लांबनं येऊन देवाचं नाव घेत्यात. आन् तू लोळत पडलीयास,” म्हणत माझं पांघरूण ओढायच्या. पास्टर सकाळी स्कूटरवरून शिकवायला जायचे, संध्याकाळी कामगारांच्या मुलांची फुकट शिकवणी घ्यायचे. रविवारी वर वीस-पंचवीस माणसं, चपला पार जिन्यापर्यंत. प्रार्थना झाली की भात, सांबार आणि हानाच्या आईने घातलेलं कोबीचं तिखटजाळ लोणचं. आम्हाला न चुकता वाटी यायची, मी त्याच वाटीवर थालीपीठ ठेवून परत पाठवायची. छान शेजार होता.

सासूबाई कराडजवळच्या खेड्यातल्या. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं आणि त्या मुक्याच झाल्या. हे कामावर, मी दुपारपर्यंत शाळेत शिकवायला. बाहेर सगळं तमिळ, बोलणार कुणाशी? जेवण तुटलं होतं त्यांचं. मला वाईट वाटायचं, पण मी तरी किती पुरी पडणार?

मग एकदा हानाच्या आईने गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या आणि सासूबाई न सांगता देठं काढायला बसल्या. तिथून जी गट्टी जमली! रोज दुपारी दोन-दोन तास. सासूबाईंचं अस्सल कराडी मराठी, तिचं कोरियन. मी शाळेतून आले की जिन्यात ऐकू यायचं — एक बोलतेय, दुसरी हुंकार देतेय, मधेच दोघी खिदळतायत.

“आई, काय डोंबल कळतं तुम्हाला त्यातलं?” मी चिडवायची.

“आमचं आम्ही बगतो. तू च्या टाक.”

त्या पुन्हा पोटभर जेवायला लागल्या होत्या, त्यामुळे मीही फार खोलात शिरले नाही.

एका दुपारी मी चहा टाकत होते. सासूबाई खाली आल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हानाच्या आईच्या छातीत गाठ हाय. डाव्या अंगाला, काखंजवळ. नवऱ्याला बोलली न्हाई.”

“तुम्हाला दाखवली तिने?”

“दाखवती कशाला? सांगितलं. तिच्या आईला बी ह्येच झालतं, ती बी लपवत ऱ्हायली आन् गेली. आता हिला भ्या वाटतंय. तिकडच्या चर्चवाल्यांस्नी कळलं तर समद्यांना माघारी बोलवत्याल. लेकीची शाळा हितं, नवऱ्याचं काम हितं... म्हणून गप बसलीया. तू ने तिला डॉक्टरकडं.”

मी हसले, मग माझं हसू गेलं. काखेला हात लावून खूण केली असेल, असं मी मनाला समजावलं. पण तिकडचे चर्चवाले? ते खुणेने कसं सांगायचं?

दोन दिवस मी टाळाटाळ केली. खोटं निघालं तर चांगल्या शेजाराचं वाटोळं, आणि खरं असेल तर... सासूबाईंनी माझ्याशी बोलणंच टाकलं. तिसऱ्या दिवशी मी वर गेले. आम्हा दोघींचंही तमिळ भाजीवाल्यापुरतं. त्यातच कसंबसं विचारलं — इथे गाठ आहे का? डॉक्टरकडे जाऊ या?

ती कोबीला मीठ चोळत होती. तशीच खाली बसली, मिठाच्या हातांनीच तोंड झाकून घेतलं आणि रडायला लागली. मलाही रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून तिला एका लेडी डॉक्टरांकडे नेलं. गाठ होती, वाईट जातीची होती, पण लहान होती. रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी तिने पास्टरना सांगितलं. इतका शांत माणूस, जिन्यात बसून हमसून हमसून रडला. ऑपरेशन झालं, पुढे काही महिने औषधोपचार. आणि ज्या चर्चला ती एवढी घाबरत होती, त्यांनी कळवलं की उपचार तिथेच घ्या, हवे तितके दिवस घ्या, परत यायची गरज नाही. रविवारच्या बायकांनी स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या. सासूबाई रोज पेज घेऊन जिना चढायच्या. पहाटे काही आठवडे दोनच आवाज यायचे, मग पुन्हा तीन झाले. त्या दिवशी मी उशी न घेता अंथरुणात पडून सगळं गाणं ऐकलं.

तिच्या डोक्यावर नवे केस यायला लागले, तोवर दवाखान्याच्या फेऱ्यांनी आम्हा दोघींचं तमिळ बरंच सुधारलं होतं. तेव्हा एकदा मी तिला विचारलंच, “त्यांना कळत नसताना तू हे सांगितलंस कशाला?”

“कळत नाही म्हणूनच बाकी सगळं सांगायचे,” ती म्हणाली. “मन हलकं व्हायचं. पण गाठीचं कुणालाच सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. आजीनेच विचारलं, पोरी, काय लपवतेस? मग राहवलं नाही.”

“कुठल्या भाषेत विचारलं?”

ती बोलायला गेली आणि थांबली. मग हळूच म्हणाली, “माझी आई बोलायची तसं. आमच्या गावाकडचं.”

मी तडक खाली येऊन सासूबाईंना विचारलं. त्या लसूण सोलत होत्या.

“मराठीत इचारलं. मला दुसरं काय येतंय? ती बी मराठीच बोलती की. तू कधी नीट ऐकलंयस का?”

त्यानंतर कितीतरी दुपारी मी जिन्यात उभी राहून कान देऊन ऐकलं. मला कोरियनच ऐकू यायचं. याचा उलगडा आजवर झालेला नाही, सासूबाई गेल्या, आता होणारही नाही. हानाची आई मात्र आहे... ठणठणीत आहे.