कॅलेंडरावरचे लाल गोल

“आज मोठी कात्री तुला मिळणार नाही. कॅलेंडर बघ.”

“कॅलेंडर तुम्ही बघा मास्तर, मी कापड बघते,” माझी आत्या म्हणाली.

“बघा बाई, झालं सुरू.” कटिंग मास्तर मालकीणबाईंकडे वळले. “आता आठवडाभर हे असंच.”

मालकीणबाई कारखान्यात आल्या होत्या त्या नवं कटिंग टेबल कुणाला द्यायचं हे ठरवायला. अकरा वर्षं शर्ट कापणाऱ्या आत्याला ते हवं होतं. मास्तरांना ते आपल्या मेव्हण्याला मिळवून द्यायचं होतं.

पाळीआधीचा आठवडा आत्याला जड जायचा, यात खोटं काही नव्हतं. पोट फुगायचं, कंबर धरायची, साध्या बोलण्याने डोळे भरायचे. एकदा बोथट कात्रीवरून ती मास्तरांवर कडाडली. तेव्हापासून मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरात अंदाजाने तिच्या त्या आठवड्याच्या तारखांभोवती लाल गोल काढायचे. तिचं नाव पाडलं ठिणगी. सगळे हसले. आत्याही हसली, आणि मनाशी गाठ मारून ठेवली.

तिची मावसबहीण नर्स. तिने सांगितलं, रोज कसं वाटतं ते वहीत लिही, त्या आठवड्यात मीठ आणि चहा आवर, रोज चाल, कंबर शेक, वेळेवर झोप. तीन महिन्यांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जाऊ. आत्याने ते पथ्य वैर धरल्यासारखं पाळलं. लोकांची सुडापायी झोप उडते, ही सुडापायी दहाच्या ठोक्याला झोपायला लागली. मैदानाची एकेक फेरी मास्तरांच्या नावाने मारायची. गरम पाण्याची पिशवी ओढणीने कंबरेला बांधून कापायला उभी राहायची. दुखणं पुरतं गेलं नाही, पण आटोक्यात आलं. लाल गोल मात्र पडतच राहिले.

कापलेल्या प्रत्येक गठ्ठ्याला तारीख आणि कापणाऱ्याची खूण असलेली चिठ्ठी लागते. माप चुकलं की शिलाईवाल्या गठ्ठा परत पाठवतात आणि चिठ्ठी कचऱ्यात जाते. गेले तीन महिने मात्र आत्या त्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात साठवत होती. आज तिने तो डबा टेबलावर उपडा केला.

“बाई, परत आलेल्या सगळ्या चिठ्ठ्या. खुणा तुम्हीच बघा.”

बाईंनी एकेक उलटली. आत्याच्या दोन, त्याही लाल गोलांच्या बाहेरच्या. मास्तरांच्या एकोणीस. बहुतेक आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या दिवशीच्या.

आत्याने मास्तरांच्या खिशातलं लाल पेन अलगद काढलं. कॅलेंडराची पानं उलटत मास्तरांच्या चिठ्ठ्यांवरच्या एकेका तारखेभोवती गोल काढला, अगदी सावकाश, कापडावर खडू फिरवावा तसा. शिलाईच्या मशिनी एकामागून एक थांबल्या.

मग तिने कंबरेची पिशवी सोडून मास्तरांपुढे ठेवली. अजून कोमट होती.

“मास्तर, सुट्टीनंतर तुम्हाला नेमकं काय होतं? म्हणजे टेबल कुणाला द्यायचं ते बाईंना ठरवता येईल.”

बाईंनीही मान वर केली. मास्तरांनी मोठी कात्री टेबलावर ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि मशिनींच्या रांगेतून, कुणाकडेही न बघता, दाराबाहेर पडले.