लेस्टर उठेना

एर्मेलिंदा तुन बावीस वर्षं चाकचोबेनच्या पडक्या देवळांमधून लोकांना फिरवत होती. माहाहुआल बंदराच्या धक्क्याला पर्यटकांची बोट लागली की एक बसभर माणसं तिच्या ताब्यात यायची, आणि साडेतीनच्या आत ती सगळी बोटीवर परत पोचवायची, एवढंच तिचं काम. इतक्या वर्षांत तिने एकही माणूस मागे ठेवला नव्हता. चष्मे, चपला, एकदा तर एका आजोबांची कवळीसुद्धा तिने झाडीतून शोधून आणली होती.

त्या मंगळवारी बसच्या शेवटच्या रांगेत कॅनडाचं एक म्हातारं जोडपं होतं. बाई बारीक, चटपटीत, नाव डॉरीन. नवरा लेस्टर उंच, गोड हसणारा. त्याला काही विचारलं की उत्तर डॉरीन द्यायची. "ह्याला ऐकायला कमी येतं," ती म्हणाली. पण पोपटांचा थवा ओरडत गेला तेव्हा सगळ्यांच्या आधी मान वर केली ती लेस्टरनेच. एर्मेलिंदाने ते पाहिलं आणि सोडून दिलं. पुढे तिला त्याची फार चुटपुट लागली.

पावणेदोनला माणसं मोजली तर दोन कमी. मोठ्या देवळामागे एका झाडाच्या मुळावर लेस्टर बसला होता आणि डॉरीन त्याचा हात ओढत होती.

"चला साहेब, बोट थांबायची नाही."

"मी नॉर्मनसाठी थांबलोय," लेस्टर शांतपणे म्हणाला. "घोडा बांधून येईलच तो."

"नॉर्मन ह्याचा भाऊ," डॉरीन हळूच म्हणाली. "जाऊन तीस वर्षं झाली त्याला." आणि मग तिचा बांधच फुटला. "तीन वर्षं असंच चाललंय. बोटीच्या फॉर्मवर हे लिहिलं असतं तर चढू दिलं असतं का आम्हाला? ह्याला काही कळतंय तोवर एकदा समुद्र दाखवायचा होता हो!"

ड्रायव्हर तेयो बघायला आला. त्याच्या मुलीची एर्मेलिंदा धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा. त्याने लेस्टरला काखेत धरून उचलायला घेतलं, तर तो लहान मुलासारखा किंचाळला आणि त्याने मुळाला मिठी मारली. तेयो दचकून मागे सरला.

"कोमाद्रे, उचलूनच न्यावा लागणार."

"आणि हात मोडला म्हणजे? हाडं बघ त्याची."

"मग बसमधल्या वीस जणांचं काय करू? त्यांनाही बसवतेस झाडाखाली?"

तिने सहल कंपनीच्या ऑफिसात मॅनेजरला, सिल्वेरियोला फोन लावला.

"बस सोड," तो म्हणाला. "दोघं स्वखुशीने थांबले, असं लिहून सही घे."

"स्वखुशीने? माणूस झाडाला धरून रडतोय, सिल्वेरियो!"

"मग तुझं तू बघ." फोन बंद.

तिने बस सोडली आणि स्वतः मागे राहिली. खिडक्यांतून वीस तोंडं तिच्याकडे बघत गेली. मग ती लेस्टरशेजारी बसली आणि आयुष्यात कुठल्या प्रवाशाला मारली नव्हती अशी थाप तिने मारली. "नॉर्मन पुढे गेलाय. बोटीवर आहे तो."

लेस्टरचे डोळे लकाकले. "तू ओळखतेस त्याला?"

"ओळखते की."

"मग सांग, त्याचा कुठला हात लुळा होता?"

तिने डॉरीनकडे पाहिलं. पण डॉरीनने तोंड ओंजळीत लपवलं होतं.

"डावा," एर्मेलिंदा म्हणाली.

लेस्टरने तोंड फिरवलं. त्याने पुन्हा मूळ घट्ट धरलं.

सव्वातीनला तो आपणहून उठला. चहा हवा म्हणाला. तिने फाटकावरची टॅक्सी गाठली. टॅक्सीवाल्याने तासाभराचा रस्ता पन्नास मिनिटांत काटला, तरी धक्का रिकामा होता. बोट दूरवर वळत होती. बोटीच्या एजंटाने त्यांच्या केबिनमधून काढून ठेवलेलं पासपोर्टांचं पाकीट डॉरीनच्या हातात दिलं आणि चेतुमालच्या विमानतळाकडे जायला गाडी उभी आहे म्हणून सांगितलं. लेस्टर बोटीकडे बघून खुशीत हात हलवत होता.

"ह्याच्या गोळ्या केबिनमध्ये राहिल्या," डॉरीन म्हणाली.

"नावं सांगा, आत्ता आणते."

"नावं मला कुठे पाठ आहेत! पिवळी सकाळची, पांढरी रात्रीची." मग तिने एर्मेलिंदाकडे रोखून पाहिलं. "तुम्ही बस सोडलीतच कशी?"

वीस जण होते, असं म्हणता आलं असतं. एर्मेलिंदाला ते म्हणवेना. तिने नुसतं गाडीचं दार उघडून धरलं. लेस्टर डॉरीनच्या एका शब्दासरशी आत जाऊन बसला, जणू दिवसभर कसला हट्ट केलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात तिचं नाव बोटींच्या गाईडांच्या यादीतून निघालं. ते तिने ऐकून घेतलं. पण सिल्वेरियोकडे ती तीनदा गेली, ती दोघं घरी पोचली का, एवढंच विचारायला.

"प्रवाशांची माहिती बाहेर देता येत नाही, दोन्या एर्मेलिंदा," तो दर वेळी म्हणायचा. बोलणं मात्र अदबीचं; दोन्या म्हणजे बाईसाहेब.

"अरे, पत्ता नको मला. पोचली की नाही, तेवढं सांग."

तिसऱ्या वेळी त्याने मान खाली घातली. "खरं सांगू? आम्हालाही कुणी कळवलेलं नाही."