अँटेनाभाऊंचा डबा

"त्याच्या डब्याले हात लावू नका कोणी!"

आमचा पुढारी धनराज एवढ्या जोरात ओरडला, की निम्म्या हिंगण्याला जेवणाची सुटी संपल्याचा भोंगा वाटला असेल. कारखान्याच्या शेडमध्ये गोल करून बसलेले आम्ही चौदा जण घास हातात धरून थांबलो. मधोमध अँटेनाभाऊ उभे. दोन वर्षं ते आमचं बोलणं साहेबांच्या केबिनमध्ये पोचवत होते, त्यासाठीच त्यांना आमच्यात बसवलं होतं, हे त्यांनी आत्ताच स्वतःहून सांगितलं होतं.

"तुमचं मीठ खाऊन राहिलो," ते म्हणाले. "आता हे काम माह्याच्यानं नाही होत."

नाव पडलं ते कानांवरून. हिंगण्यात उभं राहून वाडीच्या गोदामात कोणता ट्रक पंक्चर झाला ते सांगायचे, असे कान. आमच्या गोलाचा नियम असा, की डबा उघडला की तो आपला राहत नाही. कोणाचं भरीत, माझा ठेचा, भाऊंची पाटोडी, सगळं मध्ये. साहेब चुकले ते इथंच. हेर पेरावा, पण त्याला जेवायला बसवू नये.

त्या दिवसापासून भाऊ आमचे खबरे झाले. साहेबांना पत्ता नव्हता, केबिनमधलं जाणंयेणं तसंच चालू होतं. एकदा कामावरून काढायच्या नऊ जणांची नावं त्यांनी आणली, साहेबांच्या मनात येण्याच्याही आधी, असं मी सांगतो. आम्ही फाटकावर ठाण मांडलं, यादी रद्द झाली. त्यात पाचवं नाव माझं होतं.

तरी गोलात त्यांना जागा मिळाली नाही. खबर सगळ्यांना हवी, डबा कोणालाच नको. मी एकदा धनराजजवळ विषय काढला. तो म्हणाला, "तिकडचं इकडे आणते, तो इकडचं तिकडे काहून नाही नेणार गा?" उमरेडच्या रस्त्यावर मी वाघाला नुसत्या बोलण्यानं परत पाठवलेला माणूस. पण त्या दिवशी नुसता डबा उचलला. आपल्या जागी जाऊन बसलो आणि जेवलो.

सात वर्षं भाऊ कॉम्प्रेसरच्या मागे एकटे जेवले. डबा मात्र चार कप्प्यांचा, पैलवानाला पुरेल असा. एवढा कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "एखाद्यानं हात घातला, तं कमी नको पडाले." कोणी हात घातला नाही. उरलेलं ते फाटकावरच्या कुत्रीला घालत आणि डबा नळावर लख्ख धुऊन घरी नेत.

या उन्हाळ्यात भाऊ गेले. कंपनीच्या बसची वाट पाहत उभे होते, तिथंच कोसळले.

मी वाडीला त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. नऊ घरं वाचवणारा माणूस, वगैरे पुष्कळ रंगवून सांगायचं ठरवलं होतं. वहिनींनी पाणी दिलं आणि कोपऱ्यातला तो डबा पुसून समोर ठेवला.

"मी रोज दोघांपुरतं देत होती," त्या म्हणाल्या. "ते सांगत, एक दोस्त आहे, माह्याच डब्यातलं जेवते. सात वर्षांत कधी घासभर उरून नाही आलं. तुम्हीच असाल ते."

मी मान डोलावली.

"मीठ बराबर राहे ना जी?"

"बराबर राहे," मी म्हणालो.