एकेचाळीस नंबरची वाटी

धुळा मेटकरीवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. तसा माझा कुणावर नसतो? वाईला आमच्या घरी दूधवाल्याचं माप आणि गुरुजींनी काढलेला मुहूर्त, दोन्ही एकदा तपासून घ्यायची पद्धत होती, आणि मी त्याच घरातली विनोदिनी. सांगलीबाहेरच्या आमच्या मेडिकल कॉलेजात बावीस वर्षं ॲनाटॉमी शिकवतेय. मुलं माझ्यामागे मला ‘एक्स-रे’ म्हणतात. मला ठाऊक आहे. कोण कोण म्हणतं तेही ठाऊक आहे.

धुळा आमच्या डिसेक्शन हॉलचा शिपाई. चौदा वर्षांपूर्वी हंगामी म्हणून लागला आणि हंगामीच राहिला. आटपाडीकडच्या वस्तीवरचा धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाटाखाली जायचं आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचं, असं त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. एका वर्षी रोग आला आणि पंधरवड्यात कळप संपला. बायको हरणाबाई चार शेरडं राखत गावाकडे राहिली, हा इथे आला. देहदानातून आलेले मृतदेह टाकीत नीट ठेवायचे, टेबलं धुवायची, हाडं पुसून कपाटात लावायची, त्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या बांधायच्या, हे त्याचं काम. हॉलच्या दाराशी तो चपला काढायचा. टेबलावरच्या मृतदेहाला ‘गुर्जी’ म्हणायचा. “गुर्जींच्या तोंडावर ऊन यायलंय, पडदा वडा की रं,” असं एकदा पोरांना सांगताना मी ऐकलं होतं. पोरं हसली नाहीत, त्यांनी खरोखरच पडदा ओढला. मला ते सगळं नाटक वाटायचं.

त्यात लागल्यावर दुसऱ्याच वर्षी हा गृहस्थ हातात कसलंसं हाड घेऊन माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला होता. “मॅडम, ह्येची चिठ्ठी...” एवढंच म्हणाला असेल. मी पेपर तपासत होते. म्हटलं, “मेटकरी, तुम्ही हाडं पुसा. नावं द्यायला आम्ही आहोत.” तो “व्हय मॅडम” म्हणाला आणि गेला. आगाऊपणा वेळीच ठेचला म्हणून मला बरंच वाटलं होतं.

यंदा पहिल्या चाचणीत सात मुलं हाडांत सपाटून नापास झाली. बहुतेक खेड्यांतली. त्यातली सई कोयनानगरची, धरणाच्या वसाहतीत वाढलेली. जमीन हलली तरी हातातला चहा न सांडणारी ही मुलगी माझ्या तासाला साधं दंडाचं हाड हातात घेताना थरथरायची. आणि दुसऱ्या चाचणीत हीच सातही जणं हाडांत पैकीच्या पैकी! माझ्या मनात पाल चुकचुकली. सहा आठवड्यांत अशी अक्कल येत नसते. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी पाळत ठेवायला लागले. चार वाजता हॉल बंद होतो. एके दिवशी साडेचारला गेले, तर आत दिवा चालू. दाराच्या काचेतून पाहिलं. ती सात जणं स्टुलांवर गोल करून बसलेली, मध्ये धुळा, आणि त्याच्यासमोर टेबलावर घोंगडीच्या तुकड्याची शिवलेली एक काळी पिशवी. एकेक जण डोळे मिटून पिशवीत हात घालत होता, आत चाचपत होता, काहीतरी पुटपुटत होता. धुळा मान हलवायचा, कधी होकाराची, कधी नकाराची. हात रिकामाच बाहेर यायचा. पुढच्या आठवड्यात स्पॉटिंगची परीक्षा होती. या परीक्षेत टेबलांवर पन्नास वस्तू मांडलेल्या असतात, प्रत्येकीला नंबर असतो आणि घंटा वाजली की मुलाने पुढच्या वस्तूपाशी सरकायचं असतं. हाड असेल तर ते हातात घेऊन बघायचं आणि नाव व बाजू लिहायची, म्हणजे डावं की उजवं. आणि कुठल्या हाडाला कुठला नंबर बांधलाय हे सगळ्या कॉलेजात सगळ्यांत जास्त कुणाला माहीत? धुळाला.

दार लोटून “पिशवीत काय आहे?” असं विचारायला मला कुणी अडवलं होतं? पण मी विचारलं नाही. विचारलं की लोक खोटं सांगतात, अशी माझी पक्की समजूत. चोर मुद्देमालासकट पकडायचा.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच जाऊन टेबलं मी स्वतः मांडली. उत्तरांची यादीही मीच केली, हाडांच्या रजिस्टरवरून. ते रजिस्टर पंधरा वर्षांपूर्वी मीच माझ्या अक्षरात लिहिलेलं, त्यामुळे त्यात शंका घ्यायचं कारण नव्हतं. धुळाला दुपारपर्यंत हॉलकडे फिरकू दिलं नाही.

संध्याकाळी पेपर तपासताना चोरी सापडली. एकेचाळीस नंबरला गुडघ्याची वाटी होती. रजिस्टरप्रमाणे उजवी. जवळजवळ सगळ्या वर्गाने उजवी लिहिलं होतं, दोघा-चौघांनी कोरं सोडलं होतं, आणि डावी लिहिणारे होते नेमके सात. तेच सात. सात तोंडांतून एकच चूक निघते तेव्हा ती एकाच माणसाने भरवलेली असते, हे कळायला एक्स-रे लागत नाही. धुळाने नंबर सांगितले होते आणि त्यातला हा एक त्याला चुकीचा माहीत होता. शिपायाला कुठलं डावं-उजवं कळायला? मी दिवसभर ताठ बसले होते, आता खुशीत हातपाय ताणले. सुटल्यासारखं वाटलं.

त्याच वेळी डीन सरांच्या टेबलावर धुळाला कायम करायची फाईल पडून होती. महिनाअखेर सही व्हायची होती. मला ते माहीत होतं, आणि माहीत असूनच मी पानभर तक्रार लिहिली. सरांनी वाचली आणि म्हणाले, “उद्या दहाला त्याला घेऊन या. हे खरं असेल तर कायम व्हायचं राहू द्या, तो हंगामीही राहणार नाही.”

मी धुळाला बोलावून सांगितलं.

“पेपर मी न्हाई फोडला, मॅडम.”

“मग ती पिशवी कसली?”

“पोरास्नी चाचपायला शिकिवतो. पिशवीत हाड ठिवायचं, डोळं झाकून हात घालायचा, आन्‌ वळकायचं.” मग म्हणाला, “मेंढी अडली की आत हात घालाय लागतोय बगा. तितं डोळ्याचा काय उपेग न्हाई. फुडचा पाय हाय का मागचा, डावा का उजवा, बोटालाच कळाय पायजे. चुकीचा वडला तर दोगं बी जात्यात. माज्या आईनं मला आठव्या वर्सी शिकिवलं.”

“मेंढीचं आणि माणसाचं सारखं असतं होय?”

“सारकं नसतंय. पर हात त्योच असतोय की.”

उत्तर तयार होतं, आणि तयार उत्तरांवर माझा कधीच विश्वास बसत नाही. “उद्या दहा वाजता,” एवढं बोलून मी त्याला जायला सांगितलं. मग सईला बोलावलं. सातांत तीच सगळ्यांत भित्री, तीच आधी फुटेल असा हिशेब.

“एकेचाळीसला डावी लिहायला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, मॅडम.”

“मग सातही जणांनी एकच चूक कशी केली?”

सई म्हणाली, “मॅडम, चूक नाही. ती डावीच आहे.”

“अख्ख्या वर्गाने उजवी लिहिलंय!”

“त्यांनी यादीतलं लिहिलंय.”

“कुठली यादी?”

तिने फोन काढून माझ्यापुढे ठेवला. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका जुन्या कागदाचा फोटो होता. सीनियर मुलांनी वर्षानुवर्षं पुढच्या वर्गाला दिलेला. एक ते पन्नास नंबर आणि त्यांची उत्तरं. माझे नंबर, माझी उत्तरं. दरवर्षी तेच हाड त्याच नंबराने मांडत आले, त्यामुळे पाठ करायला सोपं. एकेचाळीस, वाटी, उजवी. म्हणजे ज्यांना मी प्रामाणिक समजून बरोबरची खूण केली होती, त्यांनी वाटीला हातसुद्धा लावला नव्हता.

“तुम्हा सातांकडे ही यादी नव्हती?”

“होती. पण धुळामामा म्हणाले, यादी पोटात दुखणाऱ्या माणसाजवळ काय कामाची? हात लावून सांगा. म्हणून मग हात लावला.”

मी कपाट उघडून एकेचाळीस नंबर काढला. बावीस वर्षं पहिल्या आठवड्यात मी मुलांना शिकवते की वाटीची गुळगुळीत बाजू खाली आणि टोक आपल्यापासून पलीकडे करून ती टेबलावर सोडून द्या, ज्या पायाची असेल त्या बाजूला ती आपोआप कलते. अगदी सोपं आहे. मी टोक पलीकडे केलं आणि हात काढला.

वाटी डावीकडे कलली.

उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा डावीकडे. सई बघत होती, मला तिच्याकडे बघवेना. दरवर्षी एखाद-दुसरं पोर डावी लिहायचं आणि मी लाल फुली मारायचे. पंधरा वर्षांत अशा किती फुल्या मारल्या, देव जाणे. दूधवाल्यापासून डीनपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला मी, फक्त स्वतःच्या अक्षरावर कधी घेतला नाही. आणि मग मला ते दारातलं हाड आठवलं. धुळाच्या हातात तेव्हा काहीतरी लहान, गोलसर होतं. “ह्येची चिठ्ठी...” तो सांगायलाच आला होता. मला इतकी लाज वाटली की मी सईला नुसतंच “जा” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहाला धुळा डीन सरांच्या केबिनबाहेर उभा होता, नवा पटका बांधून. जणू कुणाच्या मयताला निघालाय. मी एकटीच आत गेले. तक्रारीचा कागद मागून घेतला, त्यातलं धुळा मेटकरी हे नाव खोडलं आणि तिथे माझं लिहिलं. सर म्हणाले, “मॅडम, एवढं कशाला? रजिस्टरातली नोंद बदलून टाका, झालं.” मी म्हटलं, नाही. सातांचे गुण द्यायचे, बाकीच्यांची परीक्षा नव्या नंबरांनी पुन्हा घ्यायची, आणि ती फाईल माझ्यासमोर सही करायची. शेवटी त्यांनी सही केली.

बाहेर आले. “मेटकरी, तुम्ही कायम झालात. माझं चुकलं.”

तो माझ्याकडे बघून म्हणाला, “व्हय मॅडम.” तेवढंच. बारा-तेरा वर्षांपूर्वी दारात म्हणाला होता तितकंच.

सोमवारी साडेचारला मी हॉलकडे गेले. खरं सांगते, पाळतीवर नव्हते गेले. मला त्या पिशवीत हात घालून बघायचा होता, डोळे मिटून, मला ओळखता येतं का ते. या वेळी काचेतून डोकावले नाही. चपला दाराशी काढल्या आणि दार उघडलं.

सातही मुलं एकदम उठून उभी राहिली. ती काळी पिशवी इतके दिवस टेबलावर उघडी पडलेली असायची, काचेतून कुणालाही दिसेल अशी. धुळाने ती उचलली आणि पाठीमागे धरली.

“काय न्हाई, मॅडम,” तो म्हणाला. “आवरायलोच हाय.”