सगळ्यांना पंच्याण्णव

माझा विषय गणित, आणि तो सक्तीचा. मुलं रडत येतात, पण येतात; मला कधी कुणाची मनधरणी करावी लागली नाही. ऐच्छिक विषयांच्या शिक्षकांचं नशीब वेगळं. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात निवडीचा दिवस असतो. सभागृहात भिंतीच्या कडेने टेबलं मांडतात, प्रत्येक टेबलामागे एका विषयाचा शिक्षक बसतो आणि आईबाप आपापल्या लेकरांना घेऊन टेबलांपुढून फिरतात. पंधरा मुलं जमली नाहीत तर विषय बंद. मग त्या शिक्षकाला ग्रंथालयात नाहीतर कोठीत बसवतात. चांगले शिकलेसवरलेले लोक त्या दिवशी भाजीवाल्यांसारखे हाका मारताना मी पाहिले आहेत.

भुसासरांना तेवढंही जमत नसे. ते सुतारकाम शिकवायचे. भुवयांत कायम लाकडाचा भुसा, म्हणून हे नाव. मुलांनी ठेवलं आणि आम्ही शिक्षकांनी निर्लज्जपणे उचललं. आधी ते दारं-खिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात होते, तिथून शाळेत आले. अंगाने आडदांड, पण आवाज असा की तिसऱ्या बाकाच्या पुढे जायचा नाही. निवडीच्या दिवशी ते टेबलावर एक स्टूल ठेवायचे आणि त्याच्यामागे जवळजवळ लपूनच बसायचे. शेजारच्या संगणकाच्या टेबलापुढची रांग दारापर्यंत गेलेली असायची.

सुरुवातीची काही वर्षं विषय कसाबसा टिकला. जी पंधरा-सोळा मुलं यायची ती मात्र मनापासून यायची. सुट्टीतही कार्यशाळेत घुसायची, सरांच्या मागे लागून रंधा मारायला शिकायची. त्यांना भरभरून गुण मिळाले ते त्यांनी कमावलेलेच होते. मग एका वर्षी एक आई टेबलापुढे थांबली आणि तिने विचारलं, "इथे किती पडतात हो?"

सरांनी खरं ते सांगितलं. "मागच्या वर्षी सगळ्यांना नव्वदच्या वर होते."

झालं. ती बाई वळली आणि तिने मैत्रिणीला हाक मारली. संध्याकाळपर्यंत सरांकडे दोन तुकड्यांएवढी मुलं झाली. त्यांतल्या निम्म्यांना करवत कुठून धरायची तेही ठाऊक नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. पण आता कुणाला पन्नास द्यायचे म्हणजे पुढच्या वर्षी टेबल रिकामं. सरांनी नव्वद दिले. पुढच्या वर्षी पंच्याण्णव. तिथून खाली उतरायची वाट त्यांना सापडली नाही.

मी त्यांची यथेच्छ थट्टा करायची. "सर, माझी नापास पोरं तुमच्याकडे पाठवते, जरा धुऊन द्या," असं भर शिक्षकखोलीत म्हणायची. ते हसायचे आणि चहात बघत राहायचे. त्यांची बायको टेलिफोन कचेरीत होती, जिभेने माझ्याहून तिखट. स्वयंपाकघरातल्या फडताळाचं दार किती वर्षं एका बिजागरीवर लोंबत होतं ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. "शाळेत सगळे पंच्याण्णव," ती म्हणायची, "घरी मात्र हे काठावरसुद्धा पास नाहीत." सर त्यावरही हसायचे. माणूस मुळात गरीब स्वभावाचा. मला त्यांची चीड यायची आणि मायाही वाटायची, बहुतेक वेळा एकदमच.

मग त्यांच्याकडे शिंप्याची मुलगी आली. माझ्या तासाला ती शून्यात बघत बसायची. बीजगणिताने तिच्या नाकी नऊ आणले होते. पण कार्यशाळेत ती निराळीच असायची. सांधा बसवताना जीभ ओठावर यायची आणि हाक मारली तरी ऐकू जायची नाही. दोन वर्षांचा विषय, पहिल्या वर्षी तिला पंच्याण्णव मिळाले. तिच्या बाकावरच्या उनाड पोराला तेवढेच.

फर्निचरचं काम शिकवणारी एक मोठी संस्था आहे, तिथे तिला जायचं होतं. बाकी विषयांत ती बेताची, त्यामुळे सगळी भिस्त सुतारकामावर. मुलाखतीला गेली आणि दुसऱ्या दिवशी सरळ कार्यशाळेत आली. मी तिथे माझ्या मोठ्या लाकडी कोनमापकाची तुटलेली मूठ जोडून घ्यायला गेले होते.

"काय झालं गं?" सरांनी विचारलं.

"मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमच्या शाळेतून येणाऱ्या प्रत्येकाला पंच्याण्णवच असतात. म्हणून ते आम्ही धरतच नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. "शेवटच्या वर्षाचे गुण आले की निकाल लावणार आहेत, पण हा विषय सोडून. मग माझं काही होत नाही." मग तिने विचारलं, "सर, माझे पंच्याण्णव खरे आहेत का?"

सरांचा हात रंध्यावरच राहिला. मला तिथे उभं राहवेना. मी कोनमापक तसाच सोडून बाहेर आले.

शेवटच्या वर्षाचं काम होतं एक स्टूल, खिळा न वापरता केलेलं. सरांनी त्या वर्षी प्रत्येक स्टूल उलटं करून पाहिलं, सांध्यांत नख घालून पाहिलं, त्यावर स्वतः बसून पाहिलं. बहुतेकांना पस्तीस-चाळीस दिले. शिंप्याच्या मुलीला ब्याऐंशी.

पालक शाळेवर चालून आले. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं. "सर, अहो, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. विषय बुडेल तुमचा."

"बुडेल," सर म्हणाले.

"मग? कोठीत बसून खडू वाटणार आहात?"

सरांनी गुण बदलले नाहीत. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग वाटा खडू. निदान खडू तरी कुणाला जास्त, कुणाला कमी देता येतील." हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना रडू आलं.

पण नुसते गुण बदलून भागणार नव्हतं. ती संस्था ते धरणारच नव्हती. तेव्हा या अबोल माणसाने एक टेंपो ठरवला, वर्गातली सगळी स्टुलं त्यात भरली आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही चला. माझ्याने बोलवणार नाही." मी नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. भांडण्याची संधी मी सहसा सोडत नाही.

भांडायची वेळच आली नाही. संस्थेच्या त्या परीक्षक बाई कपाळाला आठ्या घालून दारात आल्या. सरांनी त्यांच्या स्वच्छ फरशीवर ओळीने स्टुलं मांडली आणि म्हणाले, "बसून बघा." पहिलं डुगडुगलं. दुसरं कुरकुरलं. तिसऱ्याचा पाय बाईंच्या डोळ्यांदेखत फाकला आणि मी त्यांना दंडाला धरून सावरलं. शिंप्याच्या मुलीच्या स्टुलावर त्या बसल्या आणि तिथेच बसून राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी सांधे पाहिले.

"हिला ब्याऐंशीच का?" त्यांनी विचारलं.

"एका सांध्यात फट आहे," सर म्हणाले. "डावीकडच्या."

बाईंनी फट शोधून काढली, आणि पहिल्यांदाच हसल्या. मुलीला प्रवेश मिळाला.

पुढच्या निवडीच्या दिवशी सर टेबलामागे बसले. येणारे विचारायचे, "किती पडतात?" आणि सर सांगायचे, "काम असेल तसे." ऐकणारा मान डोलवून संगणकाच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. दिवस संपला तेव्हा त्यांच्याकडे पाच मुलं होती. विषय बंद झाला, कार्यशाळेला कुलूप लागलं आणि सर खरंच कोठीत खडू वाटायला बसले.

मी एकदा खडू आणायला गेले. त्यांच्या भुवया आता स्वच्छ होत्या, ते बघवत नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "सर, एका मुलीचं तरी आयुष्य मार्गी लावलंत."

त्यांनी खडूची पेटी माझ्यापुढे सरकवली.

"बाई, तिच्या आधी एक मुलगा होता. त्याचा हात हिच्यापेक्षा चांगला होता. त्याने केलेल्या सांध्यात मला फट सापडली नाही. परवा रस्त्यात भेटला, विम्याच्या कचेरीत असतो. मी म्हटलं, अरे, लाकूडकाम सोडलंस? तर हसून म्हणाला, सर, त्यात काय, तुमच्याकडे सगळ्यांनाच पंच्याण्णव होते."