तातेराव सरांची मेलेली झाडं

जाफराबादच्या एका कॉलेजात तातेराव सर बावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होते, तेही सगळं फळ्यावर. सालईच्या झाडाचं चित्र ते डोळे मिटून काढत. खरी सालई मात्र त्यांनी कधी जवळून पाहिली नव्हती, आणि हे कुणाला कळू नये म्हणून माणूस आयुष्यभर जपून होता.

नव्या अभ्यासक्रमात टेकडीवर जाऊन झाडं मोजणं सक्तीचं झालं आणि सरांचा नाइलाज झाला. एप्रिलच्या उन्हात टोपी, टेप, चुन्याची बादली घेऊन सरांच्या वर्गाची वरात निघाली. वर सालईच्या झाडांना पान म्हणून नव्हतं.

"मेलीत ही. खुणेला चुना लावा अन् वहीत नोंद करा," सरांनी फर्मान सोडलं.

मेंढ्या राखणाऱ्या रखमाजीची लेक आकांक्षा त्याच वर्गात होती. तिनं एका खोडाची साल नखानं खरवडली. "सर, जित्तं हाय हे. आतून वलं हाय, बघा. उन्हाळ्यात असंच ऱ्हातं."

ओल सरांना दिसली होती. पण पोरांपुढं माघार घ्यायची कशी? "तू शिकायला आलीस का मेंढ्या राखायला?" ते म्हणाले. पोरं खदखदून हसली. आकांक्षा गुमान मागं सरली.

जुलैत त्याच पोरांना घेऊन सर पुन्हा टेकडीवर आले. चुना लावलेली एकोणीसच्या एकोणीस झाडं पानांनी भरून गेली होती. लाजेनं त्यांची मान वर होईना.

त्यांनी आकांक्षाची वही मागून घेतली. 'मृत झाडे : एकोणीस', तिनं सुबक अक्षरात लिहिलं होतं. खाली सरांचीच लाल खूण, दहापैकी दहा.

"तुला तर बराबर माहीत होतं. मंग हे का लिहिलंस?"

"तुम्ही म्हणल्ते म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. "खरं लिहिलं असतं तर मार्क दिले असते का, सर?"

सगळी पोरं ऐकत होती. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. सरांनी ते गिळलं.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई दिले असते."