गोष्टीचा खिसा

मी फार बोलणारा माणूस नाही. शिक्षकाच्या नोकरीत हे लपून जातं, कारण वर्गात बोलावंच लागतं आणि ते बोलणं आपलं नसतं. आता जे लिहितोय ते वीस वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. खरं तर ज्या वस्तूपासून हे सुरू झालं ती तिनंच शिवून दिली होती.

माझी पहिली शाळा रोहे तालुक्यात. एसटीनं फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून पाऊण तास चढ. कातकऱ्यांची वाडी, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यातले थोरले गुरुजी निवृत्तीला आलेले, गुडघे धरून चालायचे. मी नवा, उत्साही, आणि सगळ्या नव्या लोकांसारखा कागदाला घाबरणारा.

त्या वर्षी शाळा सुधारायच्या म्हणून वरून एक काम आलं होतं. प्रत्येक मूल वाचनात कुठवर पोचलंय ते भिंतीवर लावायचं. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, गोष्ट असे पाच खिसे, आणि ज्याची जिथवर मजल त्या खिशात त्याच्या नावाची चिठ्ठी. कल्पना चांगलीच होती. आजही मला ती चांगलीच वाटते. बायकोनं जुन्या परकराचं कापड कापून पाच खिसे शिवून दिले. चिठ्ठ्या मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केल्या. मुलं सकाळी आली की आधी तक्त्यापाशी जायची. कुणाची चिठ्ठी पुढे सरकली की त्या दिवशी तो पोरगा पाणी प्यायलासुद्धा ऐटीत जायचा.

दिवाळीच्या सुट्टीआधी तपासणी लागली. साहेब शुक्रवारी येणार होते. बुधवारी अक्षराच्या खिशात तीन चिठ्ठ्या उरल्या होत्या. त्यातली एक तिसरीतल्या एका मुलीची. तिचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे ते पाऊस तोंडावर आला की परत यायचे. म्हणजे शाळा तिला जेमतेम चार-पाच महिने मिळायची, आणि दर जूनला आम्ही दोघं पुन्हा ‘क’पासून सुरुवात करायचो. ती मंद नव्हती. पोटात अंडी भरलेली गाभोळीची मासळी कुठल्या डोहात मिळते, कुठल्या झाडाचा डिंक कधी काढायचा, हे मला तिनं शिकवलं होतं. तिला वेळ हवा होता आणि तो द्यायचा कंटाळा मी करत होतो, हे आता लिहिताना हात थांबत नाही याचंच नवल वाटतं.

थोरले गुरुजी तक्त्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, “दोन दिवसांत पोरगी वाचायला लागत नाय. चिठ्ठी मात्र सरकते.”

“बरोबर नाही ते,” मी म्हटलं.

“मग साहेबांना सांगा बरोबर काय ते. तुमचं तोंड हाय, बोला की.”

मी बोललो नाही. मुलं गेल्यावर तीनही चिठ्ठ्या उचलल्या. शब्दात टाकल्या असत्या तरी चाललं असतं. पण एकदा हात लावल्यावर मी त्या थेट गोष्टीच्या खिशात नेऊन टाकल्या. का, ते मला अजून कळलेलं नाही. खोटं बोलायचंच तर पूर्ण बोलावं, असं काहीतरी असेल.

साहेब आले. एकाही मुलाला त्यांनी वाचायला लावलं नाही. खिशांतल्या चिठ्ठ्या मोजल्या, तक्त्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, चहा घेतला, “छान हं,” म्हणाले आणि उतरणीला लागले.

ती मुलगी मात्र तक्त्यापाशी उभी राहिली. स्वतःचं नाव तेवढं तिला ओळखता यायचं. तिनं खिशात बोट घातलं, चिठ्ठी वर काढून पाहिली, परत ठेवली.

“गुरुजी, मी गोष्टीत हाय?”

साहेब अजून हाकेच्या अंतरावर होते. मी म्हणालो, “हो.”

“कवा आले?”

“आत्ताच.”

सोमवारी चिठ्ठी मागे घेऊ, असं ठरवून मी घरी गेलो. सोमवारी घेतली नाही. मग सुट्टी लागली. सुट्टीनंतर ती आली नाही म्हणून तिच्या घरी गेलो, तर भट्टीवर जायला सामान बांधत होते. तिच्या आईनं मला पाट दिला बसायला. म्हणाली, “आता नाय धाडायची गुरुजी. शिकून झाली ना ती. शेवटच्या खिशात गेली. आता धाकट्याला सांभाळंल.” आणि ती पोरगी आईच्या मागे उभी राहून हसत होती. पास झालेलं मूल हसतं तशी.

तिथं एक वाक्य बोलायचं होतं. मी पाणी प्यायलो आणि परत आलो. पुढच्या वर्षी आमची शाळा चांगल्या शाळांच्या यादीत गेली आणि मला पेणजवळ, अगदी रस्त्यालगतच्या गावात बदली मिळाली.

*

मध्ये वीस वर्षं गेली. मी केंद्रप्रमुख झालो. म्हणजे आता दहा-बारा शाळांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. तक्ता राहिलेला नाही, मोबाईलमध्ये भरतात. बोटानं सरकतं सगळं.

पेण तालुक्यातल्या एका वाडीवरची शाळा माझ्या केंद्रात आहे. तिथल्या बाई तरुण, लातूरकडच्या. त्यांच्या आकड्यांत सात मुलं अक्षरावर होती. माझ्या केंद्राची तेवढीच एक शाळा मागे, म्हणून वरून मला दोनदा फोन आले. मी बाईंना फोन केला.

“जरा बघा ना बाई,” मी म्हटलं.

“काय बघू, सर?”

“म्हणजे, आकडे.”

“आकडे बघितलेत सर. मुलं पण बघितलीत. तुम्ही या एकदा, तुम्ही पण बघा.”

असं कुणी माझ्याशी बोलत नाही. रागानं गेलो. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. बाई दारातच म्हणाल्या, “बरं झालं आलात. तिसरीतली एक मुलगी आई घेऊन चाललीय भट्टीवर. तिची आजी वाडीवरच राहते, मुलगी आजीजवळ राहू शकते. पण आई ऐकत नाही. म्हणते, आमच्या डोक्यात राहत नाही. आत्ता कुठं मुलगी शब्द जुळवायला लागलीय हो. आता गेली तर पुसलं जाईल सगळं. तुम्ही मोठे, तुम्ही सांगा.”

मी गेलो सांगायला. झोपडीसमोर मुलीची आई सुपात नाचणी पाखडत होती. तिनं वर पाहिलं, सूप खाली ठेवलं.

“गुरुजी, तुमी जाडे झालात.”

मी ओळखलं नाही. मग तिनं आपल्या माहेरच्या वाडीचं नाव घेतलं आणि मी ओळखलं: गोष्टीच्या खिशातली ती मुलगी. लग्न होऊन इकडे आली होती. हाताला विटांचे घट्टे. जवळ तिची पोरगी, तशीच, आईच्या मागे उभी राहणारी.

“हिला राहू दे की शाळेत,” मी कसंबसं म्हटलं.

“कशाला, गुरुजी? तुमाला तर ठाव हाय. मला किती येत व्हतं. तुमीच गोष्टीत टाकलेलं मला. काय ऱ्हायलं?” ती हसली. “पेणला गणपतीच्या कारखान्यात जाते मी पावसाळ्यात, माती मळायला. एकदा मालक बोलला, वाचता येतं का कुणाला? मी बोलले, मला येतं. दिल्या माज्या हातात चिठ्ठ्या, गिऱ्हाइकाच्या नावाच्या, मूर्तीला लावायच्या. लावल्या मी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी नागोठण्याचा गणपती गेला वडखळला, नि ज्याला दीड फुटी पायजे त्याच्या हातात तीन फुटी.”

बाजूच्या झोपडीतून कुणीतरी म्हणालं, “नवरा पन तसाच मिळालाय तिला, चिठ्ठी चुकून, दुसऱ्याचा.”

“गप गो,” ती म्हणाली, आणि पुन्हा माझ्याकडे वळली. “सगळी हसली. मालकानं परत मातीत धाडली. तवा कळलं, इसरले मी समदं. आमच्या डोक्याला भोक हाय गुरुजी. भरतं नि गळतं. हिचं पन तसंच व्हायचं. मग इथं ठेवून काय करू? तिथं निदान डोळ्यासमोर ऱ्हाईल.”

मी म्हणालो, “बघ, विचार कर.” एवढंच. गाडीला किक मारली आणि निघालो.

पुढचे चार दिवस मला एका जागी बसता आलं नाही. ऑफिसात बसलो की उठावंसं वाटायचं. गाडी काढून विनाकारण डोलवीपर्यंत जायचो, तिथल्या कंपनीची शिफ्ट सुटताना हायवेला अडकायचो आणि परत यायचो. तिनं मला दोष दिला असता तर मी तयार होतो. उत्तरं होती माझ्याकडे: वरचा दबाव, भट्टी, थोरले गुरुजी, जे आता हयात नाहीत. पण ती तर स्वतःच्या डोक्याला दोष देत होती. जे तिला कधी मिळालंच नाही ते हरवल्याचा दोष. आणि तेच आता पोरीच्या माथी मारत होती. हे फक्त मी थांबवू शकत होतो, कारण खरं काय ते जगात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

बायको म्हणाली, “जेवताना कुणाला उत्तरं देताय?” मी म्हटलं, “कुणाला नाही.” मग हात धुवायच्या आधी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी शिवलेले खिसे ते?” आणि ताटं उचलून आत गेली.

पाचव्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला, टेम्पो उद्याच येतोय. मी निघालो. बाईंना सोबत घेतलं. एकटा गेलो असतो तर पुन्हा पाणी पिऊन परत आलो असतो.

ती गाठोडं बांधत होती. मी बसलो नाही. म्हटलं, “तू विसरली नाहीस. तुला वाचता येतच नव्हतं. साहेब येणार होते म्हणून मी तुझी चिठ्ठी उचलून गोष्टीत टाकली. तुला शिकवलं नव्हतं मी.”

तिचा हात गाठीवर तसाच राहिला.

“तुमी तवा बोललात, हो.”

“खोटं बोललो.”

“माज्या आयेला पन नाय सांगितलंत.”

“नाही.”

तिनं गाठ मारून पुरी केली, मग पुन्हा सोडली. “नि मी सांगत बसते समद्यांना, माजं डोकं फुटकं.” मग म्हणाली, “नवरा बोलतो, तुला अक्कल नाय. मी बोलते, व्हय बाबा, नाय. धा वर्सं बोलते मी व्हय.”

बाई काही बोलणार होत्या, मी हातानं थांबवलं. तिनं झोपडीच्या कुडाच्या भिंतीत खोचलेली एक लग्नपत्रिका ओढून काढली आणि पोरीसमोर धरली. “हे वाच. हे तुज्या पुस्तकात नाय.”

पोरीनं बोट ठेवलं. वरची ओळ तिला जमेना, ती सोडून खालच्या मोठ्या अक्षरांवर आली. “शु... भ. शुभ. वि... वा... ह.” मग एकदम, “शुभविवाह.” त्याच्या पुढे ‘मुहूर्त’ होता. मु झाला, हू झाला, आणि बोट अडकलं. माझे ओठ आपोआप हलायला लागले. वीस वर्षांची सवय.

“गुरुजी, तुमी गप ऱ्हावा,” तिनं पोरीवरची नजर न काढता मला सांगितलं.

मी ओठ मिटले. पोरीनं दोनदा प्रयत्न केला आणि मान हलवली.

“म्हंजे हितवरच येतं,” आई म्हणाली.

“आज इथवर येतं,” बाई म्हणाल्या.

तिनं पत्रिका परत कुडात खोचली. मग गाठोड्यातून पोरीचे दोन फ्रॉक काढले आणि दारात बसलेल्या आजीच्या मांडीवर टाकले. बाईंना म्हणाली, “शिमग्याला येईन मी. तवा हेच वाचायला लावीन. तुमचा मोबाईल दाखवू नका मला.” माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मीही माफी मागितली नाही. तिच्यापाशी तेवढा वेळ नव्हता, सामान बांधायचं होतं.

बाईंनी मोबाईलमध्ये त्या मुलीच्या नावापुढे ‘शब्द’ भरलं. बाकीची सहा अक्षरावरच राहिली. वरून फोन आला, तुमची ती शाळा अजून तिथंच का? मी म्हटलं, कारण मुलं तिथं आहेत. “लेखी द्याल का?” मी लेखी दिलं. त्याचं पुढे काय होईल ते माहीत नाही. फोन वाजला की अजून आधी नंबर बघतो.

पण एका जागी बसवत नाही ते त्या कारणानं नाही. त्या बुधवारी मी तीन चिठ्ठ्या सरकवल्या होत्या. उरलेल्या दोघांची नावं मला आठवतात, चेहरे आठवत नाहीत. रविवारी गाडी काढून रोह्याकडे निघालो. फाट्यावर आता पक्का रस्ता झालाय, वाडीपर्यंत गाडी जाते. पाऊण तासाचा चढ पाच मिनिटांत संपला आणि काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं. पहिल्याच घरापाशी एक म्हातारी बसली होती. तिला एक नाव सांगितलं.

“कोन, आमचा?” ती म्हणाली. “भट्टीवर हाय तो. तुमी कोन?”

मी गाडी बंद केली आणि सांगायला लागलो.